त्रेसष्टातून सत्तावीस

देवकते साहेबांनी अकरा पेपर टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "उबाळे सर, त्रेसष्टातून सत्तावीस गेले, किती राहिले?"

माझं डी.एड. झालं होतं, नोकरीला दोन वर्षं झाली होती, आणि पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, दोन कारकून कान देऊन बसलेले असताना, मला तिसरीची वजाबाकी विचारली जात होती. अशा वेळी माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. मी टेबलाखाली बोटं मोजून घेतली.

"छत्तीस, साहेब."

"नक्की?"

"छत्तीसच असायला पाहिजे."

"मग पोरांना सदतीस कोणी शिकवलं?"

मी पेपर बघितले. त्रेसष्ट वजा सत्तावीस, सदतीस. बावन्न अधिक एकोणचाळीस, ब्याण्णव. चौदा सक किती, तर पंच्याऐंशी. शहाण्णव भागिले आठ, तेरा. अकराही पेपरांत हेच, आणि अक्षर इतकं सुबक की मला क्षणभर अभिमान वाटला. चार गणितं, अकरा पोरं, चव्वेचाळीस उत्तरं. त्यांतली त्रेचाळीस चुकलेली, आणि प्रत्येक चूक बरोबर एकाने जास्त. एकच उत्तर बरोबर होतं. ते परमेश्वरचं. परमेश्वर हा आमच्या तिसरीतला सगळ्यांत कच्चा विद्यार्थी. त्याचं नाव परमेश्वर होतं यात माझा काही दोष नाही.

"नक्कल करून पास झालेल्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या," साहेब म्हणाले. "नक्कल करून नापास झालेली ही पहिलीच."

वाचनाचे तक्ते त्याहून पुढचे होते. शाळेच्या पडताळणीत एकेका पोराला जवळ बोलावून गोष्ट वाचायला दिली होती, आणि ज्याचं त्याचं निरीक्षण साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सोपानच्या नावापुढे लिहिलं होतं, 'विद्यार्थी म्हणाला, "शहाणा कोल्हा" ही गोष्ट मला वाचता येत नाही. शेरा: वाचन येत नाही.' गोष्टीचं नाव त्याला कोणी सांगितलं, हे साहेबांनी विचारलं नव्हतं. मथुरा, इयत्ता चौथी, हिने कागद उलटा धरून दोन मिनिटं आदराने बघितला होता. शेरा: अक्षरओळख नाही.

तो शेरा वाचून मला खोकला आला. कारण मथुराला अक्षरओळख नसेल तर आमच्या शाळेचा कारभार दोन महिने कोण चालवत होतं, हा प्रश्न उभा राहत होता. पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.

सांगतो. भुरकेवाडीची आमची जिल्हा परिषद शाळा दोन खोल्यांची आणि सतरा पोरांची. पहिली-दुसरी मुख्याध्यापक कावरखे सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गणपतीच्या आरतीत कावरखे सरांचा चष्मा फुटला होता. निवृत्तीला वर्ष-दीड वर्षच राहिलंय, एवढ्यासाठी नवा कशाला करायचा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा वरून आलेलं प्रत्येक पत्र मथुरा त्यांच्या टेबलापाशी उभी राहून वाचून दाखवायची. 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये' हा शब्द मलाही दमानं घ्यावा लागतो. ती तो जिना उतरल्यासारखा उतरायची. तिच्याएवढी परिपत्रकं तालुक्यातल्या एखाद्या सभापतीनेही ऐकली नसतील.

साहेबांनी पेपर गोळा केले. "मागच्या वर्षी तालुक्यात सातवी होती ना तुमची शाळा?"

"हो."

"यंदा एकशे बारावी आहे."

"किती शाळांत, साहेब?"

"एकशे बारा."

मग त्यांनी कारणे दाखवा नोटीस माझ्यापुढे सरकवली. तीन दिवसांत खुलासा. आणि मी उठताना, जाता जाता म्हणाले, "चिंचफाट्याचं आता विसरा. शेवटच्या शाळेच्या मास्तरला कोणी मागत नसतं."

मला खरं लागलं ते हेच. भुरकेवाडी डांबरी सडकेपासून पाच किलोमीटर आत. मध्ये ओढा, त्यात माझ्या गाडीने दोनदा आंघोळ केलेली. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. मी शाळेच्याच एका खोपटात, पोषण आहाराच्या तांदळाशेजारी झोपायचो. तांदूळ शासनाचा होता आणि उंदीर गावाचे होते. आणि चिंचफाटा म्हणजे सडकेवरची शाळा, समोर एसटीचा थांबा, माझ्या घरापासून नऊ किलोमीटर. आईच्या हातची भाकरी रोज. दसऱ्याच्या आसपास जिल्ह्यातून पत्र आलं होतं: गुणवत्ता यादीतल्या पहिल्या दहा शाळांच्या शिक्षकांची सेवा शेवटच्या दहा शाळांना उपलब्ध करून देणेबाबत. चिंचफाटा मागच्या यादीत तळाला होता. तुमचं तिकडंच होतंय, फक्त पडताळणी होऊन जाऊ द्या, असं कारकुनाने मला चहा पिता पिता सांगितलं होतं. मी त्याच दिवशी वळकटी बांधून ठेवली होती आणि रोज संध्याकाळी ती सोडून झोपत होतो.

पडताळणीच्या दिवशी नियमाप्रमाणे आम्हा दोघा शिक्षकांना बाहेर लिंबाखाली बसवलं होतं. आत काय झालं ते फक्त पोरांना माहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी फळ्यावर त्रेसष्ट वजा सत्तावीस लिहिलं.

"किती?"

"छत्तीस," अकरा जण म्हणाले.

"पडताळणीच्या दिवशीही छत्तीसच होतं ना?"

कोणी बोललं नाही. सोपान खिडकीतून बाहेर बघायला लागला. तिथे एक शेळी होती, तीही काही बोलली नाही.

मी चौदा सक विचारले, चौऱ्याऐंशी आले. शहाण्णव भागिले आठ विचारले, बारा आले. आता मला भीती वाटायला लागली. पोरांना येतंय हे मला दिसत होतं, पोरांना येत नाही हे शासनाकडे लेखी होतं, आणि या दोन्हींच्या मधे मी खडू घेऊन उभा होतो. आपण झोपेत शिकवतो की काय, असंही मनात येऊन गेलं. मी गेल्या महिन्याचं पाठांचं टाचण काढून तपासलं. सगळीकडे उत्तरं बरोबर. मग साहेबांनीच पेपर बदलले म्हणावं, तर एवढ्या सुबक अक्षरात चुकायला त्यांना वेळ कुठला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कावरखे सरांची हाक आली. "मथुरे, ये गं. उबाळे सरांनी काय पत्र आणलंय बघ."

मी धावत गेलो, पण नोटीस तिच्या हातात गेलेली होती. ती टेबलापाशी सवयीप्रमाणे एका पायावर भार देऊन उभी राहिली आणि वाचायला लागली. जावक क्रमांक वाचला, दिनांक वाचला, 'आपल्या कर्तव्यात कसूर केल्याचे सकृतदर्शनी दिसून येत असून' हे एका श्वासात वाचलं.

"'सदर शाळेतील इयत्ता चौथीच्या विद्यार्थिनीस,'" ती पुढे म्हणाली, "'साधी अक्षरओळखही नसल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब अत्यंत गंभीर आहे.'"

कावरखे सरांनी मान हलवली. "गंभीरच आहे. कोण गं ही पोरगी?"

"मीच, सर."

"बरं. पुढं वाच."

तिने शेवटपर्यंत वाचलं, प्रत कोणाकोणाला दिली तेही वाचलं, कागदाची घडी घातली आणि वर्गात निघून गेली. कावरखे सर बराच वेळ ती गेली त्या दाराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "उबाळे, काहीतरी चुकतंय. पण काय ते माझ्या लक्षात येत नाही."

मी म्हणालो, मलाही येत नाही. "मग चहा मांडू," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत मला कोणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. खिचडीच्या शेडमागे सरपणाच्या ढिगावर परमेश्वर बसला होता, आणि सोपान, मथुरा आणि आणखी तिघं-चौघं त्याच्याभोवती उभे होते. ती काही मारामारी नव्हती. ते त्याच्याकडे असे बघत होते, जसं गाव आपल्याकडचा बैल शर्यतीत आडवा झाल्यावर बघतं.

"कामून रडायलास रे?"

परमेश्वरला हुंदक्यामुळे बोलता येईना. सोपानने सांगितलं, "सर, त्याचं एक बरोबर आलं."

"मग?"

"समद्यांचं चूक आलं. ह्याचंच बरोबर आलं."

"बरोबर आलं म्हणून रडतोय?"

"म्या एक मिळवला होता," परमेश्वर ओरडला. "आईशपथ सर, म्या एक मिळवला होता. मला अकरा आले होते. म्या बारा लिवले."

मी सरपणावर त्याच्या शेजारी बसलो. कधीकधी बसलं की कळतं. परमेश्वर भागाकार बोटांवर करायचा आणि एखादं बोट त्याच्याकडून नेहमी सुटायचं. शहाण्णव भागिले आठ त्याचे अकरा आले. त्यात सगळ्यांनी ठरवल्याप्रमाणे त्याने एक मिळवला. बारा. एकशे बारा शाळांच्या त्या यादीत भुरकेवाडीला जे शून्याच्या वरचे दोन टक्के मिळाले होते, ते खऱ्या अर्थाने चुकलेल्या एकुलत्या एका पोराने मिळवून दिले होते. बाकीच्या त्रेचाळीस उत्तरांत कोणाची एकही चूक नव्हती.

"एक मिळवायचा हे कोणी ठरवलं?"

सगळ्यांनी मथुराकडे बघितलं. मथुराने पायातल्या चपलेकडे बघितलं.

"कसंही चुकलं असतं तर एखाद्याचं चुकून बरोबर आलं असतं," ती म्हणाली. "म्हणून एक मिळवायचा ठरवलं. तरी ह्याचं आलंच."

"पण चुकायचंच कशाला?"

"पत्रात होतं, सर." आणि तिने ते पत्र मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. 'पहिल्या दहा शाळांतील शिक्षकांची सेवा शेवटच्या दहा शाळांना'. जावक क्रमांकासकट. "चांगल्या शाळेचे सर नेतात. वाईट शाळेचे नेत नाहीत. मग म्हणलं, आपण वाईट होऊ."

शेडवर एक कावळा येऊन बसला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणला असता," मथुरा म्हणाली. मग तिने विचारलं, "सर, तुम्हाला जायचं होतं का?"

मी एसटीचा थांबा आठवला. भाकरी आठवली. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. परमेश्वरही रडायचं थांबला होता.

"कोण म्हणलं?"

"तुमची वळकटी बांधलेली असते."

"उंदीर शिरतात म्हणून बांधतो," मी म्हणालो.

ते तिला पटलं. उंदीर सगळ्यांना माहीत होते.

संध्याकाळी मी खुलासा लिहायला बसलो. पहिला लिहिला तो खरा होता. विद्यार्थ्यांनी हेतुपुरस्सर प्रत्येक उत्तरात एक मिळवला असून फेरपडताळणी व्हावी, ही विनंती. फेरपडताळणी झाली असती, पोरांना मी दम भरला असता, शाळा सातवी आली असती आणि मी जानेवारीत चिंचफाट्यावर. कागद चांगला झाला होता. फक्त त्यात एका ठिकाणी 'विद्यार्थ्यांनी असे का केले' हे लिहायची जागा होती, आणि ते वाक्य सरकारी भाषेत काही केल्या बसेना. 'शिक्षकाविषयी वाटणाऱ्या' एवढं लिहून मी तीनदा खोडलं. मग तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. दोनच ओळींचा: सदर विद्यार्थी एकाने चुकले आहेत. चूक माझ्या शिकवण्यातली आहे.

कावरखे सरांनी तो मथुराकडून वाचून घेतला आणि सही केली. तिने तो सरळ वाचला. फक्त 'माझ्या' या शब्दापाशी अडखळली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पंधरा दिवसांनी आदेश आला. तो मथुरानेच वाचला, सगळी शाळा दारात उभी असताना. श्री. उबाळे, सहशिक्षक, भुरकेवाडी, यांची सेवा तत्काळ पुढील शाळेस उपलब्ध करून देण्यात येत आहे, इथपर्यंत तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती थांबली. कागद तिने डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता रडते.

"शाळेचं नाव वाच गं," कावरखे सर म्हणाले.

"भुरकेवाडी," ती म्हणाली.

"ते कुठून ते झालं. कुठं पाठवलंय ते वाच."

"भुरकेवाडीहून भुरकेवाडी, सर."

सरांनी कागद स्वतः घेतला, हात लांब करून बघितला आणि परत तिला दिला. मी टाकीवर चढून देवकते साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं की चांगल्या शिक्षकांची यादी एका टेबलाने मागच्या वर्षाची घेतली, वाईट शाळांची यादी दुसऱ्या टेबलाने यंदाची घेतली, आणि वरच्या साहेबांनी दोन्ही जोडून सही केली. आता सही झाली म्हणजे झाली.

"पण साहेब, मी तिथंच आहे."

"मग सोपंच आहे. रुजू व्हा आणि अहवाल पाठवा."

कावरखे सर नियमाचे पक्के. तिथल्या तिथे रुजू होता येत नाही, आधी कार्यमुक्त व्हावं लागतं, असं ते म्हणाले. त्यांनी मला मध्यान्हपूर्व कार्यमुक्त केलं. मी खडूची पेटी, हजेरीपट आणि तांदळाची किल्ली त्यांच्या स्वाधीन केली. वळकटी खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर गेलो. पोरांना सगळं समजावून सांगितलं होतं, तरी मी फाटक ओलांडल्यावर दोघं-तिघं रडलीच. मी रस्त्यापलीकडच्या दगडावर जेवणाची सुट्टी होईपर्यंत बसलो. समोर माझी शाळा होती. तिथून ती बरी दिसत होती. मग मध्यान्होत्तर आत येऊन सही केली, पेटी, हजेरीपट आणि किल्ली परत घेतली. मथुराने स्वागताला शेवंतीचं फूल दिलं.

आदेशाची शेवटची ओळ तिने मला नंतर एकट्याला दाखवली. 'सदर व्यवस्था शाळेची गुणवत्ता सुधारेपर्यंत राहील.'

"आता, सर?"

"आता सगळं बरोबर लिहायचं."

"मग तुम्ही जाल."

"गेलो तर जाईन. पण लिहायचं बरोबर. शपथ घे."

तिने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांकडून घेतली. परमेश्वरने दोनदा घेतली, कारण पहिल्यांदा घेताना त्याचं शेळीकडे लक्ष होतं. जूनमध्ये मथुरा पाचवीला सडकेवरच्या हायस्कुलात गेली आणि कावरखे सरांनी चष्मा केला.

पुढच्या पडताळणीला मी पुन्हा लिंबाखाली बसलो. दहा दिवसांनी देवकते साहेबांनी बोलावलं. या वेळी खुर्ची दिली, चहा मागवला. यंदाही तिसरी-चौथीची पोरं अकराच होती आणि पेपरही शासनाने मागच्याच वर्षीचा ठेवला होता. वाचनात सगळे पास. चव्वेचाळीस उत्तरांतली त्रेचाळीस बरोबर.

"काय जादू केली, उबाळे?"

"मी काही नाही केलं, साहेब."

"एकशे बारावरून एकदम अकराव्या नंबरला आलात. एक चूक झाली नसती तर दहात होता. दहात असता तर मी स्वतः तुमचं नाव चिंचफाट्याला लावणार होतो, जागा अजून रिकामीच आहे." ते खरोखर हळहळले. "या एका पोरानं घोटाळा केला."

त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. परमेश्वर, इयत्ता चौथी. भागाकार बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, बेरीज बरोबर होती. त्रेसष्ट वजा सत्तावीसच्या पुढे त्याने आधी छत्तीस लिहिले होते. मग ते एका रेघेने, पट्टी लावून, नीट खोडले होते. आणि शेजारी, वर्षभर मी गिरवून घेतलेल्या अक्षरात, सदतीस.

मी पेपर हातात घेऊन त्या सदतीसवरून बोट फिरवलं.

"साधी वजाबाकी हो," साहेब म्हणाले. "त्रेसष्टातून सत्तावीस गेले, तुम्हीच सांगा, किती राहिले?"

दोन्ही कारकुनांनी माना वर केल्या. या वेळी मी बोटं मोजली नाहीत.

"सदतीस, साहेब," मी म्हणालो.